कातडी कधीची?

"आजोबांच्या वेळची," म्हातारबुवा म्हणाले. "शंभर वर्षं तरी झाली असतील. जास्तच, पण कमी नाही."

तोकेशी कियोमीने खिडकीच्या फळीवर ठेवलेल्या वाद्याच्या कातडीवर नखाने हलकेच टिचकी मारली आणि कान दिला. अर्जात बारा रकाने होते. सातव्यात म्हाताऱ्याने थरथरत्या पण वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मेइजी काळ. आजोबांनी करवून घेतले.'

"वाद्य नाही हो काका. कातडी कधीची?"

"कातडी?" कातडी म्हणून काही वेगळी वस्तू असते हे आत्ताच कळल्यासारखं त्यांनी वाद्याकडे पाहिलं. "वाद्याचीच की, ताई. दुसरी कुठून येणार?"

सतरा वर्षांत या खिडकीवर कियोमीने हे उत्तर किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. जपानच्या दक्षिणेच्या या बेटांवर, ओकिनावात, सान्शिन नसलेलं घर शोधावं लागेल. तीन तारा, काळ्या लाकडाची लांब दांडी, तिच्या टोकाला वीतभर खोकं, आणि ते दोन्ही बाजूंनी अजगराच्या कातडीने मढवलेलं. पण इथल्या माणसाला सान्शिन म्हणजे काय ते विचारा, तो दांडीवर हात ठेवील. दांडी बापाकडून मुलाकडे जाते, दांडीवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. कातडी काय, एखाद्या दमट दिवशी फाटकन फुटते, की माणूस दुसरी मढवून आणतो. घराचं वय सांगताना कौलं कोणी धरत नाही. आणि जगभरच्या देशांनी बसून जो करार केला आहे तो नेमका कातडीचा, कारण अजगर कमी होत चालले. दांडीचं त्यांना काही पडलेलं नाही. या दोन समजुतींच्या मध्ये चार नंबरची खिडकी आणि खिडकीमागे कियोमी. देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक सान्शिनला परवान्यांच्या या कचेरीतल्या एका तरी खिडकीचा कागद लागायचा.

"कुठे न्यायचंय?"

"कांपो ग्रांदे. ब्राझीलला. रविवारचं विमान आहे." आज गुरुवार होता. "कागदाशिवाय नेऊ नका म्हणाले सगळे. आमच्या शेजाऱ्याचं असंच विमानतळावर ठेवून घेतलं. गोदामात पडलंय अजून. तो बिचारा गेला, वाद्य आहे तिथेच आहे."

त्यांचं नाव चिबाना सेइतोकु, वय एकोणऐंशी. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून ब्राझीलला गेले ते भाजीपाला पिकवता पिकवता तिथलेच झाले. बोलत होते ती भाषा इथे आता म्हाताऱ्यांच्या बैठकीतसुद्धा सहसा ऐकू येत नाही. जुनी, गावाकडची, आणि मधूनच एखादा परका शब्द लावलेली. कियोमीला तिच्या आजीची आठवण झाली.

"दादाचं आहे," त्यांनी वाद्याकडे बोट केलं. "सेइझेन. गेला महिन्याभरापूर्वी. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. मी गेलो म्हणून तो राहिला. आईबापांना कोणीतरी पाहायला नको का? घरात दुसरं काही घेण्यासारखं नव्हतं. एक हे."

"दादांनी कातडी बदलल्याचं काही सांगितलं होतं? दुकानाची चिठ्ठी?"

"दादा कशाला बदलील? आजोबांची वस्तू आहे."

कियोमीने पुन्हा टिचकी मारली. कातडी शंभर वर्षांची असती तर टिचकी मारायला उरलीच नसती. शंभर कसली, पन्नाससुद्धा नाही.

मागच्या टेबलावरून हायासाकासाहेब उठून आले. विभागप्रमुख, तोक्योचे, इथे येऊन दोन वर्षं झालेली. माणूस चांगला. रविवारी समुद्रात बुड्या मारायचा आणि सोमवारी सगळ्यांना माशांचे फोटो दाखवायचा.

"काय अडलंय, तोकेशीबाई? शंभर वर्षांचं म्हणताहेत ना? मग सोपं आहे. 'करारापूर्वीची वस्तू' हा शिक्का मारा. या आजोबांना थंडीत कशाला ताटकळत ठेवायचं?"

म्हातारबुवांनी साहेबांना कमरेत वाकून नमस्कार केला.

शिक्का हाताशीच होता. मारला असता तर कोणी विचारणार नव्हतं. साहेबांना कातडी फुटते हेच ठाऊक नव्हतं, आणि पुढच्या विमानतळांवरचे लोक कागद बघणार, टिचकी मारणार नाहीत. पण कियोमी आयुष्यभर नाकासमोर चाललेली बाई. अडतीस वर्षं नोकरी झाली, येत्या एकतीस मार्चला निवृत्ती. जाता जाता खोटा शिक्का मारणं तिच्या जिवावर आलं. आणि नाही म्हणायचं तेही तितकंच जिवावर आलं.

"काका, दुपारी बारा वाजता खाली दारापाशी थांबा," ती म्हणाली. "एका मास्तरांकडे जाऊन येऊ. तुमचं वाद्य घेऊन."

साहेबांनी भुवया उंचावल्या. तोकेशीबाई जेवणाच्या सुट्टीत टेबल सोडून गेल्याचं त्यांनी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ती डबा उघडायची आणि जगाच्या नकाशासमोर बसून जेवायची. लिमा, कांपो ग्रांदे, लॉस एंजेलिस. जिथे जिथे ओकिनावाची माणसं गेली ते सगळं तिला अर्जांवरून पाठ होतं. स्वतः ती तोक्योच्या पुढे गेली नव्हती.

*

झुकेरान मास्तरांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, खारवलेलं डुकराचं मांस विकणाऱ्या बाईच्या शेजारी. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर दांड्या टांगलेल्या, खाली खोकी रचलेली, आणि मधोमध मास्तर. सत्तरी गाठलेले, जिभेला लगाम नाही.

"या, सरकार आलं," ते कियोमीला म्हणाले. "आज कोणाच्या गळ्यावर सुरी?" मग चिबानांकडे वळून म्हणाले, "हिचा बाप माझ्याकडे यायचा बरं का. गायचा असा की शेजारची बाई दुकान बंद करून जायची. ही मात्र एकदाही नाही गायली. जन्मापासून अर्जच तपासतेय."

"मास्तर, कातडी बघा."

मास्तरांनी अंगठ्याने कातडी दाबली, टिचकी मारली, वाद्य कानाशी नेलं. "वीस वर्षं. फार तर बावीस."

चिबानांचा चेहरा उतरला. "कसं शक्य आहे? आजोबांची..."

"दांडी आजोबांचीच आहे, वादच नाही. असलं काळं लाकूड आता बघायला मिळत नाही. पण कातडी वीस. दुकानातलं कामही नाही हे. घरी मढवलीय कोणीतरी, आणि मढवणाऱ्याचा हात बरा होता." त्यांनी तारा सैल केल्या, घोडी काढली आणि दांडी हळूच खोक्यातून ओढून बाहेर काढली. दांडीचं शेपूट जिथून आरपार जातं तिथे खोक्याला चौकोनी भोक असतं. मास्तरांनी खणातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला इवलासा आरसा काढला आणि विजेरी लावून त्या भोकात पाहिलं. "मढवणारे आत लिहून ठेवतात कधीकधी. आहे. थांबा. हेइसेइ नऊ, सप्टेंबर. सेइझेनने मढवली."

हेइसेइ नऊ म्हणजे वीसच वर्षांपूर्वी. शंभर वर्षांचा दावा गेलाच, आणि करारानंतरची कातडी म्हटल्यावर ती कुठून घेतली याची दुकानाची चिठ्ठी दाखवणं आलं.

"खाली आणखी एक ओळ आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी आरसा तिरका केला, वाचलं, आणि मग आरसा आणि विजेरी चिबानांच्या हातात दिली. "तुम्हीच वाचा. तुमच्यासाठीच आहे."

चिबानांनी चष्मा कपाळावर सरकवला. आरसा नीट तिरका राहावा म्हणून मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. शेजारची बाई कोणाशी तरी घासाघीस करत होती तेवढंच ऐकू येत होतं.

"'आवाज ब्राझीलपर्यंत पोचेल इतकी ताणली आहे,'" चिबानांनी वाचलं. मग चष्मा काढून ते पुसायला लागले.

"दादा कॅसेट पाठवायचा," ते म्हणाले. "दर नवीन वर्षाला एक. आधी खोकायचा, मग म्हणायचा, सेइतोकु, ऐक. पत्र कधी लिहिलं नाही. सगळं यातनंच. माझी बायको गेली त्या वर्षी दोन पाठवल्या होत्या." त्यांनी कातडीवर एका जागी बोट ठेवलं. तिथे खवल्यांचे ठिपके पुसट होऊन तांबूस डाग पडला होता. "वाजवताना मनगट टेकतं ना, त्याची खूण. ताई, दांडी आजोबांची असेल. मला आजोबा आठवतही नाहीत. मी आलो ते याच्यासाठी."

मास्तर खाकरले. उठून कपाटातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. "कियोमी, जरा बाहेर जाऊन मांस बघून ये. ताजं आहे आज."

"कशाला?"

"जुन्या चिठ्ठ्यांचं पुस्तक आहे माझ्याकडे. कोरं. हेइसेइ नऊ सालचं. तू बाहेर जा म्हणजे तुला काही दिसायला नको."

"दिसलंय आता."

"मग कानाडोळा कर. त्या काळी कोण चिठ्ठ्या देत होतं? खलाशी गुंडाळी घेऊन यायचे, आम्ही घ्यायचो. कातडी कुठून आली ते अजगराला तरी ठाऊक असेल का? एका म्हाताऱ्याची एक कातडी गेली बाहेर, तर जगातले अजगर काय रडत बसणार आहेत?"

कियोमीने मान खाली घातली. ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज खिडकीवरच्यापेक्षा हळू होता.

"मी नवीन होते तेव्हा बंदरावर एक पेटी पकडली होती. मोजायला मला बसवलं. तीनशे बारा कातड्या निघाल्या. वरच्या मोठ्या होत्या. खालच्या एवढ्या," तिने पंजा पसरून दाखवला. "पिल्लांच्या. एका वाद्याला चार जोडाव्या लागल्या असत्या. कोण घेणार त्या? कशाच्याच कामाच्या नव्हत्या, तरी सोलल्या होत्या. पेटीबरोबर चिठ्ठी होती, मास्तर. अगदी अशीच. सही, शिक्का, सगळं."

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"माझ्या बापाच्या वेळी एका कातडीत पाच सान्शिनं मढायची," ते म्हणाले. "माझ्या वेळी तीन. आता येते तिच्यात दीड. मी काय आंधळा आहे?" पुस्तक त्यांनी कपाटात टाकलं आणि दार जरा जोरात लावलं.

उरला एकच मार्ग. मास्तरांनी तो कोपऱ्यातून काढून आणला. खवल्यांचं चित्र छापलेलं कापड. याला कागद लागत नाही, हे फुटत नाही, पावसाला भीत नाही. मास्तर त्याला ताडपत्री म्हणत आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर आधी दहा मिनिटं त्याची अक्कल काढत. आज त्यांनी ते मुकाट्याने चिबानांच्या पुढ्यात ठेवलं.

"म्हणजे दादाची फाडायची," चिबाना म्हणाले.

"उतरवताना फाटतेच. पुन्हा चढत नाही."

"आणि इथेच ठेवली तर? आहे तशी?"

"कोणाकडे?"

ओगिमी गावातलं दादाचं घर महिनाअखेर मोकळं करून द्यायचं होतं. गावात चिबाना नावाचं आता कोणी नव्हतं. होती ती समुद्राकडे तोंड करून असलेली कासवाच्या पाठीसारखी समाधी, आणि तिच्यात सेइझेनसुद्धा आता गेले होते. चिबाना कापड हातात घेऊन त्याची कड चाचपत राहिले. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने हाताने काहीतरी करत राहावं आणि बोलू नये, हे कियोमीला बघवेना.

"मास्तर," ती म्हणाली, "खोकं बदलता येतं ना? एका दांडीचं दुसऱ्या दांडीला?"

"येतं. शेपूट घासून बसवावं लागतं. का?"

"बाबांचं सान्शिन आहे घरी. बाबा गेले त्याच पावसाळ्यात कातडी फुटली, तेव्हापासून भिंतीवर आहे. त्याचं खोकं रिकामंच आहे म्हणायला हरकत नाही. त्याला कापड मढवा आणि काकांच्या दांडीला लावा. ते ब्राझीलला जाईल. आणि दादांचं खोकं, आहे तसं, बाबांच्या दांडीला."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. बाजारात सान्शिनची दांडी ती सान्शिन, खोकी बदलतातच, त्यात नवल काही नाही. नवल हे, की तोकेशीची पोर अर्जात नसलेलं काही बोलली होती.

"तुमच्याकडे राहील?" चिबानांनी विचारलं.

"राहील."

"तुम्हाला वाजवता येतं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," कियोमी म्हणाली. "बाबांना यायचं. मी कधी शिकले नाही."

"मग घरात कोण वाजवतं?"

"घरात कोणी नाही. मी एकटी असते."

चिबानांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मास्तर मध्ये पडले. "नुसती टांगून ठेवायची नाही हं. न छेडलेली कातडी लवकर जाते. रोज नाही तर नाही, आठवड्यातून एकदा तरी तारा लावायच्या आणि छेडायच्या. तेवढं कोणालाही येतं. अगदी सरकारलासुद्धा."

चिबानांनी कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "खोलण्याआधी मी एकदा वाजवू?"

मास्तरांनी दांडी परत बसवली, तारा चढवल्या. चिबानांनी नखी बोटात घातली. बोटं जाडी, आखडलेली, आयुष्यभर वाफे खणलेली. सूर दोनदा चुकला. गाणं कुठलंतरी पेरणीचं होतं, कियोमीने लहानपणी ऐकलेलं, शब्द विसरलेली. चौथ्या ओळीला ते थांबले.

"कॅसेटवर वेगळा लागायचा," ते म्हणाले, आणि वाद्य मास्तरांच्या हातात दिलं.

*

त्या संध्याकाळी कियोमी घरी गेली, दिवा लावला, आईबाबांच्या फोटोंपुढे चहा ठेवला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून रात्रीचं जेवण ती हवामानाच्या बातम्यांसमोर करायची, कारण त्या सांगणारा माणूस समोर बघून बोलायचा. भिंतीवरचं सान्शिन तिने उतरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. भिंतीवर त्याच्या आकाराची फिकट जागा राहिली. कातडी मधोमध उलली होती. बाबा असते तर दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे गेले असते. मढवून आणली असती तर वाजवणाऱ्याची वाट बघत बसावं लागलं असतं, म्हणून तिने मढवली नव्हती. हे तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती हायासाकासाहेबांपुढे उभी राहिली. "अर्जदाराशी माझा वैयक्तिक व्यवहार झाला आहे," ती म्हणाली. "नोंद असावी." आणि मग सगळं सांगितलं, आरशातल्या ओळीसकट.

साहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे कातडी फुटते?" त्यांनी विचारलं. "आणि इतकी वर्षं जे शंभर वर्षांचं म्हणून येतात ते..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि कपाटाकडे पाहिलं. त्यांच्या सहीने गेलेल्या फायली तिथे होत्या. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"माझ्या खिडकीवरची मी परत पाठवत होते. इतर खिडक्यांचं कोणी विचारलं नाही."

"देशातल्या देशात खोकी बदलायला बंदी नाही," साहेब जरा वेळाने म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या सान्शिनबद्दल नियमात काही नाही." मग खालच्या आवाजात, "मार्चनंतर मी हे कोणाला विचारू?"

दुपारी चार वाजता चिबाना खिडकीपाशी आले. आजोबांची काळी दांडी, तिला कापडाने मढवलेलं तोकेशींचं खोकं. खवले छापील, चकचकीत. कियोमीने टिचकी मारली. आवाज स्वच्छ होता, पण कुठेच राहत नव्हता. तिने सातव्या रकान्यातलं मेइजी खोडलं, त्यांच्याकडून सही घेतली, वर 'परवान्याची आवश्यकता नाही' असा शिक्का मारून अर्ज परत केला.

"विमानतळावर विचारलं तर हे दाखवा."

"ताई," चिबाना म्हणाले, "रविवारी सकाळी आठला तुम्ही घरी असता?"

"मी कुठे जाणार?"

"तेव्हा आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. दादा कॅसेट करायचा तो संध्याकाळीच." त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. कियोमीने एका कागदावर घरचा नंबर लिहून दिला.

*

पुढच्या रविवारी आठला फोन वाजला. कियोमीने कपडे धुऊन वाळत घातले होते, जमखाना स्वच्छ झटकला होता, सान्शिन मांडीवर घेऊन ती पाऊण तास आधीच बसली होती.

"पोचलो," पलीकडून आवाज आला. "कोणी काही विचारलं नाही. बॅग उघडलीसुद्धा नाही."

"बरं झालं."

"बोलू नका ताई. पैसे जातात... नाही, हल्ली जात नाहीत म्हणे. तरी बोलू नका. छेडा."

तिने फोन टेबलावर ठेवला, नखी बोटात घातली आणि तीन मोकळ्या तारा एकामागून एक छेडल्या. जाड, मधली, बारीक. मनगट आपोआप त्या तांबूस डागावर येऊन टेकलं. दुसरीकडे टेकवायला गेलं की हात अवघडायचा, म्हणून तिने ते तिथेच ठेवलं. पुन्हा छेडल्या. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

"हां," बऱ्याच वेळाने चिबाना म्हणाले. "असाच. कॅसेटवर असाच लागायचा."

साठ वर्षं त्यांनी तो आवाज लांबूनच ऐकला होता. लांबूनच तो त्यांचा होता.

मार्चमध्ये कियोमीला निवृत्तीचा गुच्छ मिळाला, साहेबांनी एका मोठ्या माशाचा फोटो चौकटीत घालून दिला. एप्रिल गेला. दर रविवारी आठला फोन यायचा. बोलणं दोनचार वाक्यांचं, गुडघे दुखतात, इकडे ऊन वाढलं, आणि मग तिन्ही तारा. कधी पलीकडून छापील कातडीचा कोरडा आवाज परत यायचा. एकदा चिबानांनी तिला पेरणीच्या गाण्याची पहिली ओळ फोनवरून शिकवली. कुठे बोट, कुठे मोकळं. तिला ती आली, पण सावकाश. बाजारात मास्तर विचारायचे, "काय सरकार, कातडी जिवंत आहे ना?" आणि ती म्हणायची, "आहे."

जूनमध्ये हवा दमट झाली. सान्शिनच्या पेटीत तिने ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या आणि रोज बदलल्या. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आठ वाजले, फोन आला नाही. साडेआठ झाले. नऊ वाजता तिने चहा केला आणि तो तसाच निवला. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. नंबर तिच्या वहीत होता, अर्जावरून उतरवून घेतलेला. तिने वही काढली, त्या पानावर बोट ठेवलं, आणि मिटली. कांपो ग्रांदेत फोन उचलणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, कोण म्हणून बोलायचं, हे तिला ठरवता आलं नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी कियोमीने कपडे वाळत घातले. घड्याळात आठ वाजले तशी खिडकी उघडली, सान्शिन मांडीवर घेतलं, तारा लावल्या. फोन समोर ठेवला होता. थोडं थांबून तिने मनगट त्या डागावर टेकवलं आणि पेरणीची ओळ सुरू केली, नेहमीपेक्षा जरा जोरात.